चाक थांबले होते!

दिवाळीच्या संध्याकाळी अंगणात मुले फुलबाजी घेऊन हात गरगर फिरवतात, तेव्हा आपल्याला काय दिसते? अंधारात ओढलेले एक सलग, तेजस्वी वर्तुळ. वास्तविक कोणत्याही एका क्षणी फुलबाजी एकाच जागी असते. पण मागची जागा नजरेतून पुसली जाण्याआधीच पुढची येऊन दाखल होते आणि डोळा बिचारा साऱ्या जागा जोडून रेघ ओढून मोकळा होतो. कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवले तर फिल्मवरही अशीच रेघ उमटते.

ही रेघ फुलबाजी कोणत्या वाटेने गेली ते सांगते. कुठे रेंगाळली नि कुठे धावली, ते मात्र नीटसे सांगत नाही. ते हवे असेल तर युक्ती उलटी करावी लागते. वस्तूला अंधारातून जाऊ द्यायचे आणि तिच्यावर ठरावीक अंतराने, समजा सेकंदाला २० वेळा, प्रकाशाचा क्षणिक लखलखाट करायचा. शटर तेवढा वेळ उघडेच. मग एकाच फिल्मवर त्या वस्तूच्या स्वच्छ चित्रांची रांग उमटते. चित्रे दाटीने आली तिथे वेग कमी, विरळ झाली तिथे जास्त. रेघ नुसती वाट दाखवते. रांग वाटेबरोबर वेळापत्रकही दाखवते.

ही विद्या तशी जुनी आहे. १८५१ साली इंग्लंडात फॉक्स टॅल्बटने वर्तमानपत्राचा कागद फिरत्या चकतीवर चिकटवून विजेच्या एका ठिणगीच्या उजेडात त्याचे छायाचित्र घेतले होते. १८८२ च्या सुमारास फ्रान्समध्ये मारे या शरीरशास्त्रज्ञाने भोके पाडलेली तबकडी कॅमेऱ्यापुढे फिरवून धावत्या माणसाच्या अनेक अवस्था एकाच काचेवर टिपल्या. पण प्रकाशालाच हवे तसे कापण्याची किमया खऱ्या अर्थाने साधली ती अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी. मोठ्या विद्युत मोटारींचा अभ्यास करताना त्यांना दिसले, की दिव्याची उघडझाप मोटारीच्या फेऱ्यांशी जुळली की फिरणारा भाग थांबल्यासारखा दिसतो. कंडेन्सरमध्ये साठवलेली वीज वायूने भरलेल्या काचेच्या नळीतून एका दमात सोडायची, पुन्हा साठवायची, पुन्हा सोडायची, अशी योजना करून १९३१ साली त्यांनी आपला स्ट्रोबोस्कोप सिद्ध केला. पुढे त्यांनी गोल्फच्या फटक्याच्या काठीचा पंखा करून दाखवला, दुधाच्या थेंबाचा मुकुट दाखवला. ती चित्रे जगभर गाजली.

माझी या यंत्राशी ओळख मात्र एजर्टनसाहेबांच्या चित्रांतून झाली नाही. ती झाली आमच्या घरातल्या एका जुन्या, न बोललेल्या दुःखातून.

माझे वडील, नाना, एका लहानशा कारखान्यात टर्नर होते. १९६२ च्या पावसाळ्यात लेथच्या फिरत्या चकाला हात लागून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. शेजारच्या यंत्रावरून ते आपल्या लेथकडे आले. मदतनीस मुलाने तो बंद केला असेल असे समजून त्यांनी हात पुढे केला. लेथ चालू होता. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला : कामगाराचा निष्काळजीपणा. कोणी म्हणाले डुलकी लागली असेल, कोणी याहून वाईट बोलले. नाना एकच वाक्य सांगत राहिले, "चाक थांबलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं." ते कोणालाच पटले नाही. आई त्यांच्यापुढे मान हलवी, पण रात्री शेजारच्या काकूंना हळूच म्हणे, "झोप पुरी होत नव्हती हो त्यांची."

दहा वर्षांनी मी अभियांत्रिकीच्या वर्गात असताना आमच्या प्राध्यापकांनी स्ट्रोबोस्कोपसमोर एक मोटार चालवून दाखवली आणि जाता जाता म्हणाले, "ट्यूबलाइटच्या उजेडात फिरत्या यंत्राजवळ जपून राहावं." मी ताडकन उभा राहिलो आणि कारण विचारले. त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात ट्यूब दोनदा तेजाळते, दोनदा मंदावते. म्हणजे सेकंदाला १०० वेळा. मिनिटाला २००० फेरे घेणारा चक दोन तेजांच्या दरम्यान बरोबर एक तृतीयांश फेरा फिरतो. चकाला जबडे तीन. पहिल्याच्या जागी दुसरा येतो, दुसऱ्याच्या जागी तिसरा, आणि डोळ्याला वाटते की काही हललेच नाही! जुन्या बल्बची तापलेली तार एवढ्यात निवत नाही, म्हणून त्याच्या उजेडात हा भास फारसा होत नाही. नानांच्या कारखान्यात बल्ब काढून ट्यूबा बसवल्या होत्या त्याच वर्षी.

प्राध्यापकांनी मोठ्या मनाने ते यंत्र दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मला घरी नेऊ दिले. पाडव्याच्या रात्री खोलीतला दिवा मालवून मी टेबलपंखा सुरू केला आणि यंत्राची डायल फिरवू लागलो. मिनिटाला १२०० लखलखाटांच्या आसपास पाती डुलत डुलत मंदावली आणि थांबली. तीन पाती, वरची धूळसुद्धा दिसावी इतकी स्वच्छ. नाना गप्प होते. मी जाळीतून वर्तमानपत्राची पट्टी आत सारली. फर्रकन तिच्या चिंध्या झाल्या.

नाना उठले आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, जरा इकडे ये. बघ, थांबलेला दिसतो की नाही?"

आई पदराला हात पुसत आली. पाहिले, जमिनीवरच्या चिंध्या पाहिल्या. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिसतो खरा. चुकलं हो माझं."

त्यानंतर घरात जो उत्साह संचारला तो काय सांगावा! दुसऱ्या रात्री आम्ही छायाचित्र काढायचे ठरवले. मागे काळा पडदा हवा, कारण पाठीमागची भिंत प्रत्येक लखलखाटात उजळत जाते आणि चित्र धुवून टाकते. आईने "सणासुदीला काळं कसलं बाहेर काढायचं?" म्हणत म्हणत आपली चंद्रकळाच दिली. नानांनी बेअरिंगमधला पोलादी गोळा आणून त्याला पांढरा रंग दिला. खाली गोधडीची घडी. दिवा अशा बाजूने ठेवला की उजेड गोळ्यावर पडावा, साडीवर नाही. कॅमेऱ्याचे छिद्र पूर्ण उघडे; कारण गोळा प्रत्येक जागी एकदाच उजळणार, तेव्हा हिशेब एकाच लखलखाटाचा धरायचा. लखलखाट सेकंदाला २०. मी शटर उघडले, "सोडा!" म्हटले, आणि नानांनी उजव्या हाताने गोळा सोडला.

वस्तूच्या निम्म्या मापाचे चित्र छापून घेतले. एकाखाली एक सात गोळे, खाली खाली अंतर वाढत गेलेले. नानांनी आपला व्हर्निअर काढला आणि प्रत्येक अंतर मोजले. मागच्यापेक्षा पुढचे अंतर दर वेळी बारा मिलिमीटरच्या आसपास जास्त भरे. म्हणजे प्रत्यक्षात सुमारे अडीच सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने २.४५ यायला हवे! सातवी शिकलेल्या माझ्या वडिलांनी न्यूटनला व्हर्निअर लावला आणि तो खरा ठरवला.

आज हा खटाटोप सोपा झाला आहे. फ्लॅश पुन्हापुन्हा उडवण्याची सोय अनेक फ्लॅशगनमध्येच असते आणि फोटो तत्काळ दिसतो. मात्र असा लखलखाट काही जणांना अपस्माराचा झटका आणू शकतो. घरात तसा त्रास कोणाला असेल तर हा खेळ नको. आणि कारखान्यात ज्यांचे कोणी असेल त्यांनी एवढे विचारावे, की यंत्रावरचे दिवे विजेच्या तीन वेगळ्या फेजवर वाटून दिले आहेत का. तसे केले की एक मंदावतो तेव्हा दुसरा उजळलेला असतो, आणि चाक फिरत असेल तर फिरतानाच दिसते. काही स्वस्त एल. ई. डी. दिवेही ट्यूबसारखेच सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, हेही ध्यानात ठेवावे.

ते चित्र आजही माझ्या खोलीत आहे. जाणकार त्यात एक दोष काढतात. गोळा पुढे पुढे गेला, म्हणून प्रत्येक जागी त्याला एकच लखलखाट मिळाला. पण सोडणारा हात वर तसाच धरलेला राहिला, त्यामुळे साऱ्याच लखलखाटांचा उजेड त्याच्यावर साठला. तो नको इतका पांढरा उमटला आहे. दोन आखूड बोटे तर अगदी ठळक. चित्र पुन्हा काढून तो दोष सुधारू, असे मी तेव्हा म्हणालो होतो. नाना म्हणाले, "राहू दे. या हातावर एवढा उजेड आजवर कोणी पाडला नव्हता."