नव्या रोलला जुने रीळ

आमच्या आत्याने अट घातली, "फोटो काढायचाच तर नानाच्या कॅमेऱ्याने काढ. तुमच्या त्या मोबाईलमध्ये हजार फोटो. त्यांत माझा कोण शोधणार?"

आत्या आता ८६ वर्षांची आहे. १९५८ साली लग्नानंतर ती सासरी निघाली, त्या सकाळी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या जुन्या इंदुरातल्या वाड्याच्या पायऱ्यांवर तिचा फोटो घेतला होता. कॅमेरा घडीचा. झाकण उघडले की भाता पुढे सरकतो आणि भिंग आपल्याकडे टक लावून पाहू लागते. नाना गेल्यापासून तो कपाटात स्वस्थ पडून होता. तो मी बाहेर काढला आणि माझी परीक्षा सुरू झाली.

आपल्या इंदुरास हा छंद नवा नव्हे. राजा दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात कॅमेरा हाती धरला, तो येथेच, बांधकाम खात्यात नोकरी करीत असता. त्यांना काचेच्या जड पट्ट्या वागवाव्या लागत. कॅमेरा घडी होऊन खिशात मावू लागला, तो पुढे रोल आल्यावर.

मी मुंबईहून १२० क्रमांकाचा रोल मागवला. कोडॅकने १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढलेले हे माप आजही मिळते. पण रोल कॅमेऱ्यात बसेना! आत पाहतो तो ६२० हा आकडा. गंमत अशी की, दोन्हींची फिल्म एकाच रुंदीची, मागचा कागदही तसाच. फरक काय तो रिळाचा. ६२० चे रीळ बारीक दांड्याचे, लहान चकत्यांचे. हे माप १९९५ साली बंद झाले आणि असले किती तरी कॅमेरे घरोघरी मुके होऊन बसले.

उपाय सोपा, पण काळोखातला. १२० ची फिल्म कागदासकट ६२० च्या रिकाम्या रिळावर गुंडाळायची. ती उलटी होते. शेपूट बाहेर, तोंड आत. म्हणून पुन्हा दुसऱ्या रिळावर गुंडाळायची. शेवटी चिकटपट्टीपाशी फिल्मला फुगवटा येतो. पट्टी हलकेच सोडवून, फिल्म सपाट करून, पुन्हा लावायची. एक रोल वाया घालवून उजेडात सराव करावा, मग दिवा मालवावा.

एवढे करून पहिला रोल काढला आणि परगावी धुवायला पाठवला. निगेटिव्ह आल्या, त्यांवर आडवे पट्टे आणि एक गोल काळा डाग. शिवाय तिथल्या मंडळींनी माझे रीळ कचऱ्यात टाकलेले! नानांची दोनच रिळे होती. तिसऱ्यासाठी मला जुन्या बाजारात एक मोडका कॅमेरा विकत घ्यावा लागला. त्याच्या पोटात एक रिकामे रीळ होते.

पट्ट्यांचे कारण भात्यात सापडले. अंधाऱ्या खोलीत आत विजेरी धरली, तर घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या लुकलुकल्या. तिथे काळा रंग अगदी पातळ लावला. जाड लावला की भाता मिटत नाही. डाग होता पाठीमागच्या लाल खिडकीचा. आकडे पाहण्यासाठी ती असते. आरंभीच्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे. आजच्या बहुतेक फिल्मला तो दिसतो. म्हणून खिडकीवर काळी पट्टी लावली. रोल सरकवताना सावलीत उभे राहून तेवढ्यापुरती ती उचलायची. आणखी एक शहाणपण शिकलो: कॅमेरा आधी उघडावा, मग रोल पुढे सरकवावा. भाता झटक्याने उघडला की हवा ओढली जाते आणि फिल्म पुढे फुगते.

दुसऱ्या रोलच्या वेळी आत्या पायऱ्यांवर येऊन बसली. सकाळची आठची वेळ, ऊन माझ्या पाठीशी. फिल्म १०० वेगाची. छिद्र ११ वर, शटर शंभरांशावर. रोलवर फोटो आठच. मोजून आठ वेळा खटका दाबला.

आठांतले पाच बरे आले. त्यांतला एक मोठा करून आत्याच्या हाती दिला. तिने चष्मा वर-खाली केला, पण स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. तिचे बोट खालच्या पायरीवर थांबले. तिथे माझी सावली पडली होती. डोके, खांदे आणि पोटाशी धरलेला कॅमेरा. मी म्हटले, "चूक झाली, आत्या. सावली आली."

तिने उशाजवळच्या पोथीतून १९५८ चा फोटो काढून शेजारी ठेवला. त्याच पायरीवर तशीच सावली होती, फक्त डोक्यावर टोपी.

"नानाची पण यायची," ती म्हणाली. "राहू दे. दोन्ही एकाच चौकटीत बसव."