सैतानाची भिंत आणि भीमाचे कुंड

बार्शीटाकळीचे हेमाडपंती देवीमंदिर, ज्यातील शिलालेखावर शके १०९८ म्हणजे इ. स. ११७६ चा काळ कोरलेला आहे, ते ज्या काळ्या पाषाणाचे घडलेले आहे त्याच पाषाणाचा बहुतेक वऱ्हाड मुलूख आहे. आणि अशा मंदिरांविषयी आपल्याकडे अंबरनाथापासून सर्वत्र एक श्रद्धा प्रचलित आहे की, पांडवांनी ती एका रात्रीत उभारली व पहाट झाल्यामुळे काम अपुरे राहिले. अशीच कथा जर्मनीतील हार्त्झ पर्वताच्या उत्तर पायथ्याशी वालुकाश्माच्या एका उंच, भग्न कड्याविषयी सांगतात. देव आणि सैतान यांच्यात पृथ्वीच्या वाटणीचा तंटा झाला. कोंबडा आरवण्यापूर्वी भिंत बांधून झाली तर पलीकडचा मुलूख सैतानाचा, असा करार ठरला. पण बाजाराला निघालेली एक बाई ठेचाळली, तिच्या टोपलीतला कोंबडा अवेळी आरवला, आणि संतापलेल्या सैतानाने स्वतःचीच भिंत फोडून टाकली. सुमारे वीस किलोमीटरपर्यंत तुटकतुटक पसरलेल्या त्या कड्यांना तेव्हापासून ‘सैतानाची भिंत’ म्हणतात.

भूविज्ञानाने सांगितलेला वृत्तान्त या कथेहून कमी अद्भुत नाही. क्रिटेशस काळात तेथे समुद्र होता व त्याच्या तळाशी वाळूचे थर आडवे साचले. पुढे हार्त्झचा प्रचंड खंड एका विभंगावरून, म्हणजे भूकवचातील मोठ्या भेगेवरून, उत्तरेकडे रेटला जाऊन वर उचलला गेला, तेव्हा त्याच्या कडेचे हे थर मुडपून जवळजवळ उभे झाले. भेगांतून फिरलेल्या सिलिकायुक्त पाण्याने त्यांतील काही थर कठीण केले. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि कठीण तेवढा भिंतीसारखा उभा राहिला.

आता आपल्या घराकडे वळू. बार्शीटाकळीहून निघून अकोला, मग पूर्णा नदी ओलांडून दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा असा प्रवास करणाऱ्यास गाविलगडचे डोंगर समोर एकाएकी उठलेले दिसतात. हा एकाएकीपणा निरर्थक नाही. येथेही एक महाविभंग आहे. त्याच्या उत्तरेकडील भूभाग वर राहिला, दक्षिणेकडील खचला, आणि खचलेल्या द्रोणीत पूर्णेच्या परिवाराने शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. ज्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी आपल्या शेतकऱ्याला शतकानुशतके छळीत आले आहे, तो याच गाळाचा प्रदेश होय. म्हणजे या डोंगरांतील चिखलदऱ्याचा कडा आणि पूर्णाकाठची खारी विहीर ही एकाच भूघटनेची दोन टोके आहेत. आणि शाळेतल्या भूगोलात हे आपल्या मुलांना आग्रहाने शिकवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

चिखलदऱ्याला लोक भीमकुंड दाखवतात. द्रौपदीचा छळ करणाऱ्या कीचकाला भीमाने मारले, प्रेत दरीत लोटले आणि या कुंडात हात धुतले, अशी कथा आहे. जवळच्या बैराट शिखराला विराटनगरीचे स्थान मानतात. कड्याच्या धारेवर उभे राहून खाली पाहिले म्हणजे एवढ्या खोल दरीला कोणी अतिमानुष कर्ता हवा, असे पूर्वजांना का वाटले असेल हे तत्काळ पटते. तो कर्ता आहे, मात्र त्याचे काम फार सावकाश चालते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर बनला आहे. त्यांतील काही थर घट्ट, काही सच्छिद्र व ठिसूळ; पावसाचे पाणी ठिसूळ थर आधी पोखरते, वरचा घट्ट थर निराधार होऊन कोसळतो, म्हणून कडा उभाच्या उभा राहतो, आणि धबधबा जेथे आदळतो तेथे कुंड खोल होत जाते.

लोककथा आणि शास्त्र यांत वैर मानणाऱ्यांना मी हार्त्झचे उदाहरण देतो. पाषाणासाठी त्या भिंतीवर घणाचे घाव पडू लागले, तेव्हा तेथील जिल्हाधिकाऱ्याने १८५२ साली तिला संरक्षण दिले, आणि त्याची कारणे दोन नोंदवली : ती लोककथेचा विषय आहे, व ती दुर्मीळ निसर्गचमत्कार आहे. सरकारी दफ्तरात कथा आणि खडक एकाच ओळीत बसले. जेथे पृथ्वीने काही असामान्य केले तेथेच लोकांची दृष्टी थबकली व कथा जन्मली. म्हणून कथा हीच त्या स्थळाची पहिली नोंद होय.

आपल्या जिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि शिक्षकांनी भीमकुंडासारख्या प्रत्येक स्थळाची अशी दुहेरी नोंद करावी, आणि खाणीचा परवाना देण्यापूर्वी ती एकदा अवश्य वाचावी.