पोलादी प्लेटवाहू वाघीण

पोलादी प्लेटवाहू वाघीण ही जाड व रुंद पोलादी प्लेटांच्या वाहतुकीसाठी वापरली जाणारी रेल्वेची मालवाघीण होय. पूल, बॉयलर, साठवण टाक्या आणि जहाजे यांच्या बांधणीसाठी लागणाऱ्या प्लेटा कारखान्यापासून बांधणीच्या जागेपर्यंत पोहोचवण्यासाठी या वाघिणी उपयोगी पडतात.

भार आणि रचना

पोलाद आकाराच्या मानाने अतिशय जड असते. १० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड अशा एका प्लेटेचे वजन सुमारे ४.७ टन भरते. अशा १३ प्लेटांची चळत जेमतेम २६ सेंटिमीटर उंच होते. मात्र तिचे वजन ६१ टनांच्या वर जाते. त्यामुळे या वाघिणीला उंच भिंतींची गरज नसते. मजबूत चौकट, सपाट तळ आणि कडेचे खांब पुरेसे ठरतात. चार आसांच्या वाघिणीला प्रत्येक आसावर २२.९ टन भाराची मर्यादा असल्यास मालासह एकूण वजन ९१.६ टनांपेक्षा अधिक चालत नाही.

भारतीय रेल्वेत पोलादासाठी बीआरएन, बीएफएनएस आणि बीओएसटी या प्रकारांच्या वाघिणी वापरल्या जातात. बीआरएन ही मुळात रूळ व पोलादी माल वाहणारी वाघीण आहे. बीएफएनएस गुंडाळ्या व प्लेटांसाठी, तर बीओएसटी लांब आकाराच्या तयार पोलादासाठी उपयोगात येते.

रुंदीची मर्यादा

वजनापेक्षा रुंदीची अडचण अनेकदा मोठी ठरते. पूल, फलाट, सिग्नलचे खांब आणि शेजारच्या रुळावरील गाडी यांच्यापासून सुरक्षित अंतर राखण्यासाठी वाघीण व तिच्यावरील माल ठरावीक आकारमर्यादेत असावा लागतो. भारतातील ब्रॉडगेजवर ही रुंदी सामान्यतः ३.२५ मीटर आहे. गुजरातमधील हजिरा येथील गिरणीत मात्र सुमारे ५ मीटर रुंदीपर्यंतच्या प्लेटा तयार होऊ शकतात.

यावरचा एक उपाय म्हणजे प्लेट तिरकी ठेवणे. ४ मीटर रुंदीची प्लेट ४५ अंशांत कलती ठेवल्यास तिची आडवी व्याप्ती सुमारे २.८ मीटर होते. युरोप व उत्तर अमेरिकेत यासाठी तिरक्या आधारांच्या खास वाघिणी वापरल्या जातात. कलत्या भाराचा गुरुत्वमध्य उंचावतो. म्हणून त्याची मांडणी व बांधणी अधिक काटेकोर असावी लागते.

मर्यादेबाहेरचा माल भारतात विशेष परवानगीने नेला जातो. मोकळे अंतर जितके कमी, तितकी वेगावरील बंधने कडक असतात.

भराई आणि सुरक्षा

प्लेटा क्रेन, पकडी किंवा विद्युतचुंबकाने उचलतात. थरांमध्ये लाकडी ओंडके ठेवल्याने प्लेटा घसरत नाहीत आणि उतरवताना पकड शिरवता येते. भार दोन्ही बोगींवर आणि दोन्ही बाजूंच्या चाकांवर समान पडणे आवश्यक असते. ब्रेक लागताना सरकलेली एक प्लेटही शेजारच्या गाडीला किंवा रुळाकडेच्या बांधकामाला धडकू शकते. त्यामुळे साखळ्या व तारदोर यांचा ताण वाटेतही तपासावा लागतो.

मराठवाड्यातील संदर्भ

नांदेड जिल्ह्यातील भोकर हे मुदखेड–आदिलाबाद मार्गावरील स्थानक असून ते दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. एक मीटर रुंदीच्या या मार्गावर ब्रॉडगेजची वाघीण चालू शकत नाही. त्यामुळे दोन मापे जेथे भेटत, तेथे माल एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे. कित्येक टनी प्लेटांच्या बाबतीत प्रत्येक चढउतारीस क्रेन, वेळ आणि धोका यांची भर पडते. मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्यानंतर मुदखेड, भोकर व आदिलाबाद हा भाग माजरीमार्गे नागपूरशी सलग जोडला गेला. त्यामुळे जड माल वाघीण न बदलता नेणे शक्य झाले.