उत्प्रेरक खरंच तसाच राहतो का?



उत्प्रेरकाची व्याख्या आपल्याला पाठ असते: तो अभिक्रियेचा वेग बदलतो, पण स्वतः खर्च होत नाही. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. मात्र सांडपाणी साफ करताना ही व्याख्या प्रत्येक वेळी तपासून घ्यावी लागते. का, ते आज पाहू.

परळ-लालबागच्या गिरण्यांत सूत आणि कापड रंगवलं जायचं. बॉम्बे डाइंगची तर सुरुवातच १८७९ मध्ये सूत रंगवण्यापासून झाली. रंगखात्याच्या पाण्यात उतरणारे काही सेंद्रिय पदार्थ जिवाणूंना सहज पचत नाहीत. रसायनांच्या कारखान्यांतलं फिनॉल तर जास्त असलं की जिवाणूंनाच मारतं. बरं, असं पाणी जाळून टाकायचं म्हटलं, तर सगळं इंधन पाण्याची वाफ करण्यातच जाईल!

ओलं ऑक्सिडीकरण म्हणजे काय?

घरचा कुकर साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. इथे पाणी १२५ ते ३२० अंशांपर्यंत तापवतात आणि दाबाखाली हवा सोडतात. दाबामुळे पाणी द्रवच राहतं आणि प्रदूषकांचा पाण्यातच कार्बन डायऑक्साइड व पाणी होत जातं. दादरच्या पुढचं स्टेशन माटुंगा. तिथल्या यूडीसीटीमधल्या (आजची आयसीटी) मिश्रा, महाजनी आणि जोशी या संशोधकांनी १९९५ मध्ये या विषयावर लिहिलेला आढावा जगभर वापरला जातो.

एवढं तापमान आणि दाब महाग पडतो. उत्प्रेरक घातला की कमी तापमानात काम होतं. कॉपर ऑक्साइड स्वस्त आणि चपळ. मग अडचण कुठे?

कळकलेलं ताक आठवा

कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. आंबट ताकात भांड्यातलं तांबं उतरतं. इथेही तसंच होतं. फिनॉल तुटताना मध्येच फॉर्मिक, ऑक्झॅलिक, ॲसेटिक अशी आम्लं तयार होतात आणि गरम आम्लात तांबं विरघळतं. म्हणजे फिनॉल गेलं, पण पाण्यात तांबं आलं! माशांना तेही घातकच.

आणखी तीन दुखणी:

१. धातूचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यामुळे कामाचा पृष्ठभाग घटतो.
२. अर्धवट तुटलेल्या पदार्थांचा काळा थर उत्प्रेरकावर बसतो.
३. ज्यावर धातू बसवला तो आधारच बदलतो. ॲल्युमिना गरम पाण्यात टिकाव धरत नाही.

तपासायचं कसं?

अभिक्रिया चालू असताना उत्प्रेरक गरम असतानाच गाळून काढा. त्यानंतरही प्रदूषक पूर्वीसारखंच कमी होत राहिलं, तर काम विरघळलेला धातू करतोय असं समजा. शिवाय बाहेर पडणाऱ्या पाण्यात धातू मोजा आणि तोच उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरून पाहा. पहिल्याच फेरीचा निकाल बघून भुलू नका.

टायटॅनियम किंवा झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर बसवलेले रुथेनियम, प्लॅटिनम जास्त टिकतात, पण ते महाग. स्वस्त आणि टिकाऊ, दोन्ही एकत्र मिळवणं हेच या संशोधनातलं खरं आव्हान आहे.

विचार करा: एका उत्प्रेरकाने ९९ टक्के फिनॉल काढलं, पण त्याचं वजन दर फेरीला घटतंय. तुम्ही तो वापराल का? कारण वहीत लिहा.