मधुमेह आणि मूत्रपिंड : मोजणी कुणाची, केव्हा?

‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे किडनी ठीक आहे.’ मधुमेह असलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन अनेकदा मर्यादेतच राहते. बिघाडाची खूण त्याच्या कितीतरी आधी लघवीत उमटते. गाळणी सैल झाली, की अल्ब्युमिन हे प्रथिन तिच्यातून झिरपू लागते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या किती जणांची मूत्रपिंडे बाधित आहेत? उत्तर मोजणी कुठे केली यावर ठरते. चेन्नईत वस्त्यांमध्ये जाऊन केलेल्या ‘क्युअर्स’ अभ्यासात (२००७) मधुमेहींपैकी २६.९ टक्क्यांच्या लघवीत अल्ब्युमिन थोडे वाढलेले होते. उघड मूत्रपिंडविकार मात्र २.२ टक्क्यांनाच होता. याउलट, मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या ५२ हजारांहून अधिक रुग्णांची रुग्णालयांतून झालेली राष्ट्रीय नोंद (२०१२) पाहिली, तर सुमारे ३१ टक्के रुग्णांत मूळ कारण मधुमेह होते, आणि तेच सर्वांत मोठे कारण ठरले.

या आकड्यांत विसंगती नाही. पहिल्यात भाजक मधुमेहींचा आहे, दुसऱ्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांचा. शिवाय २.२ हा आकडा लहान दिसला तरी दिलासा देणारा नाही. मूत्रपिंड बिघडलेले अनेक मधुमेही डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने जातात, आणि गेलेली माणसे अशा पाहणीत मोजली जात नाहीत.

धोका वाढतो कशाने? चेन्नईच्या अभ्यासात रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी, मधुमेहाची वर्षे, रक्तदाब आणि धूम्रपान यांचा संबंध स्पष्ट दिसला. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. म्हणून एकाच घरातल्या, सारखीच साखर असलेल्या दोघांची वाट वेगळी होऊ शकते. पण वर्षे आणि वारसा आपल्या हाती नसले, तरी साखर, रक्तदाब आणि तंबाखू हाती आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या १९९३ च्या ‘डीसीसीटी’ चाचणीत टाइप-१ मधुमेहींची साखर काटेकोर ठेवल्यावर लघवीत अल्ब्युमिन दिसू लागण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

खरी अडचण वेळेची आहे. त्याच राष्ट्रीय नोंदीतले जवळपास निम्मे रुग्ण आले तेव्हा शेवटच्या, पाचव्या टप्प्यात होते. त्याआधी काही दुखले नव्हते, म्हणून कुणी तपासले नव्हते.

टाइप-२ मधुमेहात निदानाच्या दिवसापासून आणि टाइप-१ मध्ये पाच वर्षांनंतर, दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि रक्तावरून काढलेला गाळणदर, दोन्ही पाहावे. गुणोत्तर ३० च्या वर गेले तरी घाबरू नये. ताप, लघवीचा संसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांनीही ते वाढते. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासावे. तीनपैकी दोन वेळा वाढलेले आढळले, तर औषधांचा खरा उपयोग होण्याची वेळ तीच असते.