लाल दिवा लागत नाही तेव्हा

चावी फिरवली तरी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला नाही. गाडीमालकाला हे शुभलक्षण वाटत होतं. नाना पेठेतला मिस्त्री म्हणाला, "साहेब, रोग इथंच आहे."

गाडी प्रीमिअर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मूळचा डायनॅमो काढून कुणीतरी ऑल्टरनेटर बसवलेला. नवी घातलेली बॅटरीही उतरत होती, आणि आधीच्या गॅरेजने ऑल्टरनेटरच बदलायला सांगितला होता. विजेचं काम समजलं नाही की अख्खा भाग बदलायचा, ही आळशी दुरुस्ती आता सर्रास चालते.

हा दिवा नुसता इशारा देत नाही. इग्निशनकडून येणारा थोडा करंट त्याच्यातूनच रोटरच्या कॉइलला पोचतो आणि तिच्यात चुंबकत्व येतं. ऑल्टरनेटर वीज करू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि तो विझतो. बल्बच उडाला असेल तर धडधाकट ऑल्टरनेटरही गप्प बसतो. कधी जोरात रेस केल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर उठतोही. म्हणून 'हायवेला चार्ज होते, गावात नाही' अशी तक्रार येते.

बल्ब बदलला. इंजिन सुरू होताच दिवा विझला. पण हेडलाइट लावल्यावर मिणमिणू लागला. ऑल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर जेमतेम १३. मग मीटरची एक पिन ऑल्टरनेटरच्या जाड बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर: १.१ व्होल्ट वाटेतच मुरत होते. इंजिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात फक्त ०.१, म्हणजे अर्थिंग ठीक.

बझर लावून ही वायर तपासली असती तर चांगलीच ठरली असती. आतला तांब्याचा एक धागा शाबूत असला तरी बझर वाजतो. हेडलाइटचा भार टाकल्याशिवाय अशी वायर खरं बोलत नाही.

बॅटरी सोडवून मिस्त्री टेप सोलत गेला. जुन्या कटआउटच्या डबीपाशी उलगडा झाला. डायनॅमो गेला, पण त्याच डबीच्या स्क्रूखाली दोन वायरी जोडून काम भागवलेलं. लग काळाठिक्कर, वायरीतलं तांबं आतपर्यंत हिरवं. त्याने डबी वगळून जाड वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली, मध्ये फ्यूज घातला, लग दाबून बसवले. हेडलाइट लावूनही बॅटरीवर आता १४.१ दिसले.

इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून बघायची खोड डायनॅमोच्या काळातली. ऑल्टरनेटरमध्ये तेव्हा व्होल्टेज उसळतो आणि डायोड जातात. मालकाने तेच सुचवलं, तसा मिस्त्री हात आडवा धरून उभा राहिला.

शेवटी इंजिन बंद करून त्याने बॅटरीच्या मायनसमध्ये अँपिअर मीटर घातला. डायोड गळका असता तर उभ्या गाडीतही करंट वाहिला असता. मीटर शून्यापाशीच होता. ऑल्टरनेटर राहिला तोच. पट्ट्याला चिरा पडल्या होत्या, तो तेवढा बदलायला सांगितला.