आठ टन शब्द

१९५७ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने एका लेखकाची कागदपत्रे विकत घेतली. वजन भरले सुमारे ८ टन. म्हणजे तांदळाची ५० किलोची जवळजवळ दीडशे पोती. त्यात हस्तलिखिते होती, मुद्रिते होती, वर्तमानपत्रांची कात्रणे होती, आणि नुसती पत्रेच अडीच लाखांच्या घरात होती. साठ वर्षांच्या लेखनकाळावर ती वाटली तर आलेली-गेलेली मिळून रोज ११ पत्रे पडतात, आणि त्यात सणवार, आजारपण, प्रवास असे काहीही वगळलेले नाही. पत्रव्यवहार हे या माणसाचे काम नव्हतेच. ते पुस्तके लिहून उरलेल्या वेळात चाले.

लेखकाचे नाव अप्टन सिंक्लेअर. जन्म बाल्टिमोरचा, २० सप्टेंबर १८७८ चा. मृत्यू २५ नोव्हेंबर १९६८ ला, वयाच्या नव्वदीत. पुस्तके नव्वदहून अधिक, म्हणजे आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला, अगदी पाळण्यातल्या वर्षांनाही, एकेक पुस्तक वाट्याला येते. यातले वाचकांच्या लक्षात राहिले एकच, ‘द जंगल’. बाकीच्या ढिगाकडे ‘फार लिहायचा बुवा’ एवढे म्हणून पाठ फिरवली जाते. मला तो ढीग बघायचा आहे.

वडील दारूचे विक्रेते, आणि स्वतः दारूच्या आहारी गेलेले. घरात चणचण. मुलगा चौदाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गेला आणि पुढे शिक्षणाच्या खर्चासाठी विनोद, चुटके, मग स्वस्तातल्या साहसकथा लिहू लागला. लष्करी शाळेतल्या मुलांच्या गोष्टी एका टोपणनावाने, नौदलाच्या शाळेतल्या दुसऱ्याने. विशी गाठताना त्याचा रतीब होता रोज ८,००० शब्दांचा, रविवार धरून. दोन लघुलेखक पदरी ठेवलेले. एकाने आज मजकूर घ्यायचा, उद्या तो टंकून द्यायचा, तोवर दुसऱ्याची पाळी. दुपारी तीन तास सांगायचे, संध्याकाळी आदल्या दिवसाचा मजकूर तपासायचा, मग लांबवर फिरायला जायचे आणि चालता चालता उद्याची घटना जुळवायची. सकाळ मोकळी राही ती कोलंबिया विद्यापीठातल्या व्याख्यानांना आणि व्हायोलिनला. हा वेग वर्षभर टिकला असे धरले तर २९ लाख शब्द होतात. आपल्याकडची तीनशे पानांची कादंबरी साधारण ऐंशी हजार शब्दांची धरली, तर दर दहा दिवसांनी एक कादंबरी.

हे लेखन साहित्य म्हणून आज कुणी वाचत नाही, वाचावे असेही नाही. पण या कारखान्यात त्याचा हात तयार झाला. थकवा न मानण्याची सवय लागली.

१९०४ मध्ये कॅन्ससमधल्या ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकाने त्याला ५०० डॉलर देऊ केले. तेवढ्या पैशांवर तो शिकागोला गेला आणि तिथल्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहिला. जुने कपडे, हातात जेवणाचा डबा. कामगारांच्या घोळक्यात कुणी त्याला अडवले नाही. त्या वेळी ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ आणि भोवतालचे मांस कारखाने हा जगातला सर्वात मोठा पशुबाजार होता. पंचवीस हजारांहून अधिक माणसे तिथे राबत. जनावर साखळीला उलटे टांगून पुढे सरकत जाई, प्रत्येक माणूस एकच घाव घाली, आणि साखळीचा वेग मालक ठरवी. या वेगाने माणसाचे काय होते, हे सिंक्लेअरला सांगायचे होते. लिथुआनियातून आलेल्या एका कुटुंबाची धूळधाण त्याने न्यू जर्सीतल्या एका खोपटात बसून लिहिली. हीच ‘द जंगल’. फेब्रुवारी १९०५ पासून ती त्याच साप्ताहिकात क्रमशः छापली गेली. पुस्तकाला पाच प्रकाशकांनी नकार दिला. सहाव्याने, डबलडे-पेजने, आधी आपला माणूस शिकागोला पाठवून लिहिलेले खरे की खोटे ते पाहिले आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तक काढले.

पुढचे आकडे थक्क करणारे आहेत. काही महिन्यांत सतरा भाषांत अनुवाद. ४ जूनला सरकारी चौकशीचा अहवाल संसदेपुढे. ३० जून १९०६ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची मांस तपासणी कायद्यावर आणि शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही. पुस्तक बाजारात आल्यापासून जेमतेम चार महिने! शुद्ध अन्नाची चळवळ आधीपासून चालू होती हे खरे, पण अडलेला गाडा या कादंबरीने हलवला.

आणि इथेच सिंक्लेअरचे दुःख आहे. लोकांना किळस आली ती डब्यातल्या मांसाची. त्या मांसाशेजारी उभा असलेला, बोटे तुटलेला, थंडीत कुडकुडणारा माणूस त्यांना दिसलाच नाही. कायद्याने जनावर तपासले गेले, कामगार नाही. शिकागोच्या त्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस आला तो मार्च १९१८ मध्ये, न्यायाधीश सॅम्युएल आल्शुलर यांच्या लवादाने. मांसाला चार महिने लागले, माणसाला बारा वर्षे. सिंक्लेअरला हा हुकलेला नेम जन्मभर सलत राहिला. त्याने पुढे जे डोंगराएवढे लिहिले, ते याच सलाने लिहिले असे मला वाटते.

कारण त्याचा क्रम पाहा. मांस झाले, मग कोळसा: कोलोराडोतल्या खाणकामगारांच्या संपावर १९१७ ची ‘किंग कोल’. मग तेल: १९२७ ची ‘ऑइल!’, जिच्यावरून ऐंशी वर्षांनी ‘देअर विल बी ब्लड’ हा चित्रपट निघाला. बोस्टनमध्ये या कादंबरीवर बंदी आली तेव्हा त्याने आक्षेपार्ह ठरवलेल्या नऊ पानांवर अंजिराचे पान छापून ती प्रत बोस्टनच्या रस्त्यावर उभे राहून विकली. सॅको आणि व्हॅन्झेटी या दोन स्थलांतरित अराजकवाद्यांना १९२७ मध्ये देहदंड झाला, वर्षभरात त्यावर ‘बोस्टन’ ही दोन खंडांची कादंबरी तयार. धर्मसंस्था, वृत्तपत्रे, विद्यापीठे, शाळा, कला, साहित्य यांच्यावर पैशाचा पगडा कसा आहे हे सांगणारी सहा पुस्तके १९१८ ते १९२७ या दहा वर्षांतली. त्यातले वृत्तपत्रांवरचे ‘द ब्रास चेक’ त्याने स्वतः छापले, हक्क राखून ठेवले नाहीत, आणि लाखावर प्रती खपवल्या. फोर्डच्या कारखान्यावरची ‘द फ्लिव्हर किंग’ १९३७ मध्ये आली, तिच्या दोन लाख प्रती मोटार कामगारांच्या संघटनेने मागवल्या. लेखकाच्या पुस्तकाची घाऊक मागणी कामगार संघटना करते, हा मान फार थोड्यांना मिळतो.

१९३८ मध्ये तो साठीचा झाला. त्या वर्षी त्याच्या परदेशी आवृत्त्यांची एक सूची छापली गेली: ७७२ नोंदी, ४७ भाषा, ३९ देश. एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. पण त्याचे सर्वात मोठे काम अजून सुरूही झाले नव्हते.

१९४० मध्ये ‘वर्ल्ड्स एंड’ आली. शस्त्रांच्या व्यापाऱ्याचा मुलगा लॅनी बड हा तिचा नायक, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनचे जग ही तिची भूमी. मग १९४९ पर्यंत दरवर्षी एक, अशा दहा जाडजूड कादंबऱ्या, आणि १९५३ मध्ये अकरावी. एकूण पाने सात हजारांहून अधिक. रोज तासभर वाचले, तासाला तीस पाने, तर ही एकच मालिका संपायला पावणेआठ महिने लागतील. एकसष्टाव्या वर्षानंतर ती लिहिली गेली. तिसऱ्या भागाला, ‘ड्रॅगन्स टीथ’ला, १९४३ चे पुलित्झर मिळाले. नाझींचा उदय त्यात आहे, आणि तो लिहिताना हिटलर जिवंत होता, युद्धाचा निकाल कुणालाच ठाऊक नव्हता.

मतपेटीतही त्याचे आकडे मोठेच होते. १९३० मध्ये समाजवादी पक्षातर्फे कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास मते पडली. १९३४ मध्ये, महामंदीच्या ऐन मध्यावर, तो डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभा राहिला. प्रचाराचे मुख्य साधन काय, तर ६४ पानांची पुस्तिका, ‘मी गव्हर्नर झालो आणि गरिबी कशी संपवली’ असे भविष्यातून मागे वळून सांगणारी. बंद पडलेले कारखाने आणि ओसाड शेते सरकारने बेकारांच्या हाती द्यावीत, ही त्याची योजना. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आणि वृत्तपत्रांनी त्याच्याविरुद्ध राळ उठवली. तरी ८,७९,५३७ लोकांनी त्याला मत दिले. विजयी फ्रँक मेरिअम यांना सुमारे ११ लाख ३८ हजार. हरल्यावर, १९३५ मध्ये, त्याने आपण कसे हरलो यावरही पुस्तक काढले.

एवढ्या लेखनात सगळे चांगले कसे असेल? नाही. पात्रे पुष्कळदा मत मांडण्यासाठी उभी केलेली वाटतात, घाई दिसते, काही पुस्तके त्या वर्षाबरोबर संपली. पण कुठल्याही एका लेखकाने आपल्या देशाच्या एकेका धंद्यात शिरून, पुन्हा पुन्हा, साठ वर्षे, तिथे राबणाऱ्यांची नोंद ठेवली असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. या ढिगाची मोजणी गुणांच्या तराजूत एकेक पुस्तक टाकून होणार नाही. तो एकत्रच वाचायला हवा.

१५ डिसेंबर १९६७ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मांस तपासणीच्या नव्या कायद्यावर सही केली तेव्हा ८९ वर्षांचा सिंक्लेअर व्हाइट हाउसमध्ये चाकांच्या खुर्चीत बसून ती पाहत होता. पहिल्या सहीला ६१ वर्षे उलटून गेली होती. पुन्हा मांसच.

आठ टनांतले निदान एक पुस्तक हाती घ्या. ‘द जंगल’ घेतलेत, तर अर्पणपत्रिकेचे पान उलटून पुढे जाऊ नका. ते पुस्तक अमेरिकेतल्या कामगारांना अर्पण केलेले आहे.